जेन्युइन पार्ट कुठे मिळतो? (हाय-एंड पीसी जुळवणाऱ्यांसाठी)



सेमिस्टर सुरू झालं की लेडीज आणि बॉईज दोन्ही हॉस्टेलमधून एकच प्रश्न येतो, "पीसी असेंबल करायचाय, पार्ट्स कुठून घेऊ?" विचारणाऱ्याला एक पत्ता हवा असतो. दुकानाचं नाव, जमलं तर मजला आणि "माझं नाव सांग" एवढं झालं की तो खूष! पत्ते मी देणार आहेच. पण नुसत्या पत्त्यावर काम भागत नाही. एकाच गल्लीत, कधी कधी तर एकाच काउंटरवर, अस्सल माल आणि गोलमाल माल शेजारी शेजारी बसलेले असतात. तेव्हा पत्त्यांच्या आधी थोडा अभ्यास करूया. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, त्यामुळे इंग्रजी शब्द बरेच येतील. सांभाळून घ्या.)

हा लेख आत्ताच लिहिण्याचं कारण म्हणजे आमच्या ब्रँचमधला एक प्रोजेक्ट ग्रुप. मशीन लर्निंगचं काम आहे, लॅब रात्री आठला बंद होते, म्हणून चौघांनी वर्गणी काढून स्वतःचं मशीन उभं करायचं ठरवलंय. बजेट जवळजवळ दोन लाख. त्यात एकाची स्कॉलरशिप आहे, एकीच्या आईने भिशी लवकर उचलून दिली आहे. एवढ्या पैशाचा ग्राफिक्स कार्ड खोटा निघाला तर चौघांचं वर्ष जातं आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

जेन्युइन म्हणजे नक्की काय?

आपण "डुप्लिकेट" हा एकच शब्द सगळ्याला वापरतो. पण बाजारात फसवणुकीचे निदान तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाची परीक्षा वेगळी.

पहिला म्हणजे सरळ नकली. डब्यावर एक, आत दुसरंच. याचं उदाहरण आमच्याच एका सिनियरचं. त्याने इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून "जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी" असा कार्ड स्वस्तात आणला. विंडोज नाव बरोबर दाखवत होतं. एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर टाकला की मात्र स्क्रीन काळी! आठवडाभर बिचारा स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत होता. शेवटी कोणीतरी जीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, तर कार्डाच्या नावापुढे "फेक" असा शब्द आला. आतली चिप २०११ च्या जीटीएक्स ५५० टीआयची. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ क्यूडा कोअर असतात, या जुन्या चिपमध्ये १९२. कार्डाचं बायॉस बदलून टाकलं की तो विंडोजला हवं ते नाव सांगतो, आणि विंडोज बिचारं विश्वास ठेवतं. हा धंदा इतका वाढला की जीपीयू-झेडवाल्यांनी २०१८ मध्ये नकली कार्ड ओळखायची सोयच त्यात घातली.

सिनियर कार्ड घेऊन परत गेला तेव्हा दुकानदार म्हणाला, "ये हमारा माल ही नहीं है." आणि सिनियरकडे पुरावा काय होता? एक कच्ची चिठ्ठी, वर "एस्टिमेट" छापलेलं, खाली "१ व्हीजीए कार्ड". सिरियल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. त्याचं प्रोजेक्ट पुढे लॅबच्या मशीनवर कसंबसं पूर्ण झालं. पैसे गेले ते गेलेच.

दुसरा प्रकार, वस्तू अस्सल पण वापरलेली, आणि विकताना नवी म्हणून विकलेली. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या मोठ्या हार्ड डिस्कचं प्रकरण उघडकीस आलं. हजारो तास चाललेल्या डिस्कचे साधे काउंटर शून्यावर आणून त्या नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. पकडलं कसं? साध्या स्मार्ट रिपोर्टशिवाय सीगेटच्या डिस्कमध्ये "फार्म" नावाची आणखी एक नोंद असते, तिथले तास पुसलेले नव्हते! लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ किंवा त्यापुढच्या आवृत्तीने ती नोंद वाचता येते. गाडीचं मीटर मागे फिरवणं आपल्याला माहीत असतं, डिस्कचंही फिरवतात हे माहीत नसतं.

तिसरा प्रकार सर्वात फसवा: ग्रे मार्केट. वस्तू अस्सल, नवी, सीलबंद. फक्त ती कंपनीच्या भारतातल्या अधिकृत वितरकामार्फत आलेली नाही. दुबईहून किंवा सिंगापूरहून कोणीतरी आणलेली. ती उत्तम चालेल, कदाचित पाच वर्षं चालेल. पण आठव्या महिन्यात बंद पडली तर भारतातलं सर्व्हिस सेंटर सिरियल नंबर टाकून "हा आमच्या रीजनचा नाही" असं सांगू शकतं. अमेरिकेतल्या मामांकडून कार्ड मागवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. काही पार्ट्सची वॉरंटी जगभर चालते, पण ग्राफिक्स कार्डच्या बहुतेक कंपन्या देश बघतात. मामांना सांगण्याआधी त्या कंपनीच्या वॉरंटीच्या अटी उघडून पाहा.

म्हणून माझ्या मते "वस्तू खरी आहे का?" हा अर्धाच प्रश्न झाला. उरलेला अर्धा असा: बिघडली तर ती भारतात कोण परत घेणार?

बिल म्हणजे कागद नव्हे

काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य: "बिल के साथ अस्सी, बिना बिल बहत्तर." हे गणित समजून घ्या. कॉम्प्युटरच्या पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे. ८०,००० च्या पक्क्या बिलात साधारण १२,२०० रुपये कराचे असतात. दुकानदार त्यातले आठ हजार तुम्हाला देऊ करतो, उरलेले स्वतः ठेवतो, आणि त्या बदल्यात तुमची वॉरंटी, तक्रार करायचा हक्क आणि त्या व्यवहाराचा पुरावा तिन्ही विकत घेतो. त्याच्या दृष्टीने स्वस्त सौदा! (८०,००० हा आकडा हवेतला नाही. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० टीआयची भारतातली सुरुवातीची किंमत हीच जाहीर केली होती. दुकानातली किंमत त्याहून वेगळी असते.) २०० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तूला नोंदणीकृत दुकानदाराला टॅक्स इन्व्हॉइस द्यावंच लागतं. तो उपकार करत नाही.

बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं त्या धंद्याचा पॅन. दुकानात उभे असतानाच मोबाईलवर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो नंबर टाका. दुकानाचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लगेच दिसतं. मुंबईच्या दुकानाच्या बिलावर नंबर ०७ ने सुरू झाला तर "काका, हे कसं काय?" असं विचारायला लाजू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिलावर प्रत्येक महागड्या पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार म्हणेल, "कॉम्प्युटर में वो कॉलम नहीं है." मग पेनाने लिहून सही-शिक्का मारायला सांगा. आमच्या सिनियरच्या चिठ्ठीवर तेवढी एक ओळ असती तर "हमारा माल ही नहीं" हे वाक्य निघालंच नसतं.

डब्यावर आणखी एक गोष्ट शोधायची ती म्हणजे आयातदाराचं लेबल. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर इथल्या कायद्याने आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, कुठल्या देशात बनलं आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळं छापावं लागतं. साधं पांढरं स्टिकर असतं, दिसायला अगदी भिकार. पण ग्रे माल ओळखायची सर्वात सोपी खूण म्हणजे या स्टिकरचं नसणं. रशी पेरिफेरल्स, रेडिंग्टन, इन्ग्रॅम मायक्रो अशा वितरकांची किंवा खुद्द कंपनीच्या भारतीय शाखेची नावं तिथे दिसतात. कुठल्या ब्रँडचा वितरक कोण, ते त्या ब्रँडच्या भारतातल्या वेबसाइटवर मिळतं आणि बदलतही असतं, म्हणून खरेदीच्या आठवड्यातच बघा.

आता पत्ते

आपल्याला सर्वात जवळचा मोठा बाजार म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव काही लोकांच्या तोंडून जात नाही. (माझ्या बाबांसाठी हा रस्ता म्हणजे "शोले" वर्षानुवर्षं चाललेलं मिनर्व्हा थिएटर!) रात्रीची महालक्ष्मी पकडली तर सकाळी दादर. तिथून वेस्टर्नची स्लो लोकल, ग्रँट रोडला ईस्टला उतरून पायी. घाई करू नका, साडेदहा-अकराशिवाय शटर वर जात नाहीत आणि रविवारी बराच बाजार बंद असतो.

तिथे गेल्यावर फुटपाथवर "क्या चाहिए, ग्राफिक्स कार्ड?" म्हणत मागे लागणाऱ्यांबरोबर वरच्या मजल्यावर जायचं नाही. ते दुकानदार नसतात, कमिशनवाले असतात. निदान तीन दुकानांत लेखी कोटेशन घ्या, त्यात मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या. "आसुसचा बी६५०" हे कोटेशन झालं नाही, त्या नावाचे पाच-सहा बोर्ड असतात. आणि मुलींसाठी खास: "पप्पा को लेके आओ बेटा" असं मला दोन ठिकाणी ऐकवलं गेलं. तिसऱ्या दुकानात मी सॉकेटचं नाव सांगून बायॉसची आवृत्ती विचारली, तेव्हा स्टूल मिळालं आणि चहासुद्धा!

ज्यांना मुंबई जमत नाही त्यांच्यासाठी कॉम्प्युटर पार्ट्सचीच विक्री करणारी, स्वतःची वेबसाइट असलेली जुनी दुकानं आहेत. लॅमिंग्टन रोडवरचंच प्राइमएबीजीबी, कोलकात्याचे एमडी कॉम्प्युटर्स आणि वेदांत कॉम्प्युटर्स, दिल्लीच्या नेहरू प्लेसचं एसएमसी, चेन्नईचं द आयटी डेपो. ही नावं मी जाहिरात म्हणून देत नाही. यांच्या किमती रोज बघितल्या की बाजारभाव कळतो आणि गल्लीतला "स्पेशल रेट" किती स्पेशल आहे ते समजतं. मात्र बाहेरच्या राज्यातून मागवलं तर बिघडलेला पार्ट कुरियरने कुठे पाठवायचा, दुकानात की सर्व्हिस सेंटरला, हे ऑर्डरच्या आधी फोनवर विचारून घ्या. बेंगळुरूचा एस. पी. रोड आणि चेन्नईची रिची स्ट्रीट हे त्या बाजूच्या मित्रांसाठी. पुण्याच्या तपकीर गल्लीत वायरी, कनेक्टर, पंखे झकास मिळतात. प्रोसेसर घ्यायला मी तिथे जाणार नाही.

मोठ्या ऑनलाइन साइटवर घेताना साइटचं नाव बघू नका, "सोल्ड बाय" पुढचं नाव बघा. साइट म्हणजे मॉल, विकणारा गाळेवाला वेगळा असतो. शिवाय गिऱ्हाईकाने परत केलेला डबा पुन्हा विक्रीला येतो ही भानगड असतेच. २०१७ मध्ये रायझनच्या डब्यात इंटेलची सेलेरॉन निघाल्याच्या तक्रारी परदेशात झाल्या होत्या. डबा फोडताना कुरियरच्या लेबलपासून शेवटपर्यंत न थांबता व्हिडिओ काढा, सिरियल नंबर कॅमेऱ्यासमोर धरा. रूममेटला या कामाला लावा, तिला तसंही डबे बघायचेच असतात.

पार्टागणिक काय बघायचं

प्रोसेसर नेहमी बॉक्स्ड घ्या. दुकानदार "ट्रे" माल दोन-तीन हजार कमी करून देतो. ट्रे म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपन्यांना ठोक दिलेला माल. चिप तीच, पण कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी बॉक्सवाल्याला, ट्रेवाल्याची जबाबदारी विकणाऱ्याची. हा फरक किती मोठा ते २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे मान्य झालं आणि ऑगस्टमध्ये कंपनीने बॉक्स्ड चिपची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. ट्रेवाल्यांना सांगितलं, ज्याच्याकडून घेतला त्याला विचारा. ज्याच्याकडून घेतला तो तेव्हा फोन उचलत असेल तर ठीक!

इंटेलच्या डब्यावरचा बॅच नंबर चिपच्या धातूच्या टोपीवरच्या नंबरशी जुळला पाहिजे. रायझनच्या डब्याला बारीक खिडकी असते, तिच्यातून चिपचा नंबर वाचून लेबलशी ताडता येतो. आणि एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली पिना नसतातच, त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. "रायझन ९८००एक्स३डी" पालथा केल्यावर पिनांचं जंगल दिसलं तर ती एखादी जुनी चिप आहे, पुढे काही तपासायची गरज नाही.

ग्राफिक्स कार्डसाठी जीपीयू-झेड पहिल्याच दिवशी चालवा, आणि नुसतं नाव न बघता आकडे बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने मान्य केलं की आरटीएक्स ५०९० आणि ५०७० टीआयच्या साधारण अर्धा टक्का कार्डांत रेंडर युनिट कमी निघाली आहेत. नंतर ५०८० मध्येही तसेच नग सापडले. ५०७० टीआयला ९६ हवीत, दोषी कार्डात ८८ दिसत. ही कार्डं शंभर टक्के जेन्युइन होती बरं का! कंपनीने बदलून द्यायची तयारी दाखवली, पण बदलून घ्यायला आधी तुम्ही मोजायला तर हवं, आणि हातात बिल हवं.

रॅमच्या बाबतीत सध्या जास्तच जपा. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. (आधी घेतलेल्या मालाची वॉरंटी चालू राहील असं कंपनीने सांगितलंय.) माल महाग झाला की स्टिकर छापणारे जागे होतात. सुटी रॅम, प्लास्टिकच्या पिशवीतली, घेऊ नका. सीपीयू-झेडच्या "एसपीडी" पानावर चिप स्वतःच आपला उत्पादक आणि पार्ट नंबर सांगते, तो लेबलशी जुळवा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात पण खाच वेगळ्या जागी असते. स्लॉटमध्ये बसत नसेल तर जोर लावू नका, हातात चुकीची वस्तू असू शकते. मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवून झोपा.

एसएसडीला क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये चालू तास आणि एकूण लिखाण शून्याच्या आसपास हवं. सॅमसंगची असेल तर सॅमसंग मॅजिशियन अस्सल-नक्कल सांगतं. "२ टीबी"च्या अतिस्वस्त एक्स्टर्नल ड्राइव्हला एच२टेस्टडब्ल्यूने पूर्ण भरून वाचून बघा. बऱ्याचदा आत थोडीच मेमरी असते आणि वर लिहिलं की खालचं पुसतं.

पॉवर सप्लायमध्ये पैसे वाचवणारे मला सर्वात जास्त भेटतात. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या "४५० वॅट"वर ३०० वॅटचा ५०७० टीआय लावायचा नसतो. एनव्हिडिया त्यासाठी ७५० वॅट सांगते. हातात घेतल्यावर वजन जाणवलं पाहिजे. डब्यावरचा ८० प्लसचा बिल्ला कोणीही छापतो, तेव्हा ते मॉडेल ८० प्लसच्या यादीत खरंच आहे का ते शोधा. बीआयएसचा "आर"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो "बीआयएस केअर" अॅपमध्ये टाका, कंपनीचं नाव येतं. (आपल्या जुन्या हॉस्टेलच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमन काकांकडून तपासून घ्या. रेक्टर सरांची परवानगी हा वेगळ्या लेखाचा विषय!)

कॅबिनेट, कीबोर्ड, माऊस आवडीने घ्या. विंडोजची पाचशे रुपयांची "की" नको, लिनक्स फुकट आहे.

स्टाफपैकी कोणी वाचत असेल तर एक विनंती. लॅबसाठी तीन कोटेशन मागवून सर्वात कमीचं निवडताना ट्रे आणि बॉक्स, ग्रे आणि अधिकृत यांची एकाच ओळीत तुलना होते, आणि कमीवाला जिंकतो. स्पेसिफिकेशनमध्येच "बॉक्स्ड, आयातदाराच्या लेबलसह, सिरियल नंबर बिलावर" एवढं लिहिलं तर सगळ्यांची तुलना एका पातळीवर होईल.

इतकं करूनही गडबड निघाली तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सअॅप चालेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथेही नाही जमलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, दिल्ली-कोलकात्याला जावं लागत नाही, "ई-जागृती" पोर्टलवरून ऑनलाइन होते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

डबे टाकू नका, पलंगाखाली जागा करा, वॉरंटीला पाठवताना तेच लागतात. आणि बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा. ती शाई वर्षभरात उडते, वॉरंटी तीन वर्षांची असते.